बिघडलेलं रिव्हॉल्व्हर आणि दहा दिवस

६ मार्च २०१४ रोजी भिवंडीजवळच्या सोनाळे गावात राहुल गांधींची सभा झाली. गांधीहत्येबद्दलच्या त्यांच्या एका विधानावर संघाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याने बदनामीची फिर्याद दिली आणि १९४८ चा खून भिवंडीच्या दंडाधिकारी न्यायालयात नव्याने कागदावर आला. १२ जून २०१८ ला तिथे आरोप निश्चित झाले, राहुल गांधींनी ते नाकबूल केले. तेव्हापासून हा विषय निघाला की भिवंडीतल्या चहाच्या टपरीवरसुद्धा पहिला प्रश्न 'कोणी' हाच असतो.

त्या खटल्यात मला आज शिरायचं नाही. पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की इतकं लिहून झालेल्या विषयात नवा प्रश्न सापडतो कुठे? तर 'कोणी' जरा बाजूला ठेवा आणि 'कशाने' असं विचारून बघा. हत्यार कुठून आलं, चालत होतं का, बिघडलं तर कोणी दुरुस्त केलं? प्रश्न मिस्त्रीचा वाटतो. पण त्याच्या मागे गेलात तर गांधीहत्येच्या नेहमीच्या गोष्टीचा कालक्रम वेगळाच दिसायला लागतो.

आधी दोन शब्द नीट वेगळे करून घ्या. मराठीत आपण पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर सरसकट एकच म्हणून वापरतो, जुन्या वर्तमानपत्रांतही तसंच दिसतं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र असतं. ते दर वेळी फिरून पुढची गोळी नळीसमोर आणतं. चक्र फिरलं नाही किंवा नेमक्या जागी बसलं नाही, तर सगळं ठप्प. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवी गोळी आत ढकलतो. घाण साचली, स्प्रिंग सैल झाली, काडतूस मापाचं नसलं की हे चक्र मधेच अडकतं. इंग्रजी कागदपत्रांत अशा पिस्तुलाला नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हटलेलं असतं. ते वाचून मशिनगन डोळ्यांसमोर आणू नका.

आता २० जानेवारी १९४८ ची सकाळ. दिल्लीत हिंदू महासभा भवनाच्या मागच्या जंगलात चार जण गेले: नारायण आपटे, गोपाळ गोडसे, पुण्यातला शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या. त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर होती. गोपाळ तेव्हा खडकीच्या लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या भांडारात नोकरीला होता आणि रजा काढून आला होता. त्याच्या रिव्हॉल्व्हरचं चक्र जागेवर बसेना. बडगेच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली, पण समोरच्या झाडापर्यंत पोचलीच नाही. शंकरला तेलाची बाटली आणि चाकू आणायला पाठवलं. गोपाळ दुरुस्ती करत बसला असताना तिथे वनरक्षक आले, तेव्हा हत्यारं घाईने झाकावी लागली. मग सगळे मरीना हॉटेलच्या ४० नंबरच्या खोलीत परतले. नथुराम आणि आपटे यांनी ती देशपांडे या खोट्या नावाने घेतली होती. तिथे गोपाळने उरलेली दुरुस्ती केली आणि बाकीच्यांनी न्हाणीघरात स्फोटकांना वाती जोडल्या.

ही सगळी हकीकत आपल्याकडे मुख्यतः बडगेच्या तोंडून येते, आणि बडगे माफीचा साक्षीदार होता. इथे थांबा. स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवायचा? लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. एकूण त्यांनी बडगेला विश्वासार्ह मानलं, पण जिथे दुसरा आधार नव्हता तिथे त्याच्या शब्दावर निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरवलं. सावरकर निर्दोष सुटले ते याच मुद्द्यावर. जंगलातल्या आणि हॉटेलातल्या प्रसंगांना मात्र स्वतंत्र टेकू मिळाले. वनरक्षकाची साक्ष होती, हॉटेलच्या नोकरांच्या साक्षी होत्या, नोंदवही होती, आणि धोब्याची 'एन. व्ही. जी.' अशी खूण असलेले, खोलीच्या घाईत मागे राहिलेले कपडे होते.

मला स्वतःला त्या तेलाच्या बाटलीमुळे ही साक्ष खरी वाटते. कट किती भयंकर होता हे रंगवायला बसलेला माणूस गोळी झाडाच्या अलीकडेच पडली असं सहसा रचत नाही, त्यातही ते रिव्हॉल्व्हर स्वतःचं असेल तर नाहीच. हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. प्रबंधात असे अंदाज मांडायला हरकत नाही, पण ते अंदाज आहेत असं वाक्यातच दिसलं पाहिजे. भाषेचंही लक्षात ठेवा. त्या खटल्याचं कामकाज दुभाष्यांमार्फत मराठी आणि तेलुगूतही सांगितलं जात होतं, आणि आपण निकाल वाचतो इंग्रजीत. 'चक्र अडकलं' हे मूळ कोणत्या शब्दांत सांगितलं गेलं असेल, याचा विचार करूनच त्यातल्या तांत्रिक तपशिलावर भार टाका. दुरुस्ती करणाऱ्या गोपाळ गोडसेने नंतर मराठीत आठवणी लिहिल्या. तेही साधन आहे, पण शिक्षा भोगून आलेल्या आणि भावाचं समर्थन करणाऱ्या माणसाचं. बडगेइतकाच हितसंबंध तिथेही आहे, फक्त उलट्या दिशेने.

हत्यारं नादुरुस्त होती म्हणून २० तारखेचा हल्ला फसला, असं सर्रास ऐकू येतं. साक्षी वाचल्या तर ते टिकत नाही. त्या संध्याकाळी मदनलाल पाहवाने बिर्ला भवनाच्या भिंतीजवळ स्फोट घडवायचा, आणि प्रार्थनेच्या ओट्यामागच्या नोकराच्या खोलीत शिरून बडगेने जाळीतून गोळी झाडायची आणि हातबाँब टाकायचा, असं ठरलं होतं. खोलीच्या दाराशी बसलेला एकाक्ष माणूस पाहून बडगे बिचकला. आत गेलो तर कोंडले जाऊ अशी भीती त्याला वाटली. दोन्ही रिव्हॉल्व्हर टॅक्सीतल्या पिशवीत गेली. स्फोट झाला, पाहवा जागीच पकडला गेला, बाकीचे पांगले. दुरुस्त केलेलं रिव्हॉल्व्हर चाललं असतं की पुन्हा अडकलं असतं, हे पाहायची वेळच आली नाही. घाबरला तो माणूस.

मग बिघाडाला महत्त्व काय? ते पुढच्या दहा दिवसांत आहे.

नथुरामने आता काम एकट्याने करायचं ठरवलं, म्हणजे दगा न देणारं हत्यार हवं. आधीची धडपडही त्याच दिशेची होती: आपल्याजवळचं छोटं पिस्तूल बदलून मोठं रिव्हॉल्व्हर आणायला त्याने पुण्यात बडगेला सांगितलं होतं. २६ जानेवारीला नथुराम आणि आपटे मुंबईत दीक्षित महाराजांकडे रिव्हॉल्व्हर मागायला गेले, नकार मिळाला. २७ ला विमानाने दिल्ली, तिथून रात्रीच ग्वाल्हेर. तिथे आधी आणलेलं एक देशी रिव्हॉल्व्हर चालवून पाहिल्यावर कामाचं ठरलं नाही, असं साक्षीत येतं. शेवटी २८ तारखेला हाती आलं ते इटालियन बेरेटा, १९३४ चं मॉडेल, क्रमांक ६०६८२४, सात गोळ्यांचं अर्धस्वयंचलित पिस्तूल. ३० जानेवारीला संध्याकाळी पाचनंतर त्यातून लागोपाठ तीन गोळ्या सुटल्या. ते अडकलं नाही.

आता याच तारखांशेजारी पोलिसांच्या तारखा मांडा. मी संशोधनाच्या वहीत दोन रकाने आखले होते, तुम्हीही आखून बघा. २० ला पाहवा अटकेत. त्याच्या बोलण्यात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला, आणि पुण्यात 'अग्रणी'चा संपादक कोण हे शोधायला कुठल्या गुप्तहेराची गरज नव्हती. २१ ला रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी पाहवाने आधी आपल्याला कटाबद्दल सांगितलं होतं, हे मुंबईत मोरारजी देसाईंच्या कानावर घातलं. खुणेचे कपडे मिळालेले होते. म्हणजे एका रकान्यात दोन माणसं चालणारं पिस्तूल शोधत मुंबई, दिल्ली, ग्वाल्हेर अशी फिरत आहेत, आणि दुसऱ्या रकान्यात त्यांची ओळख पटवण्याइतकी माहिती फायलींमध्ये पडून आहे. खात्रीचं हत्यार जवळ नसल्यामुळे मारेकऱ्यांना जे दिवस घालवावे लागले, ते सरकारला आयते मिळालेले दिवस होते.

अशी मांडणी सुचणारा मी काही पहिला नाही. गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटला, पुण्यात सत्कार झाला, तिथे ग. वि. केतकरांनी आपल्याला कटाची आधी कल्पना होती असं सांगितलं आणि गदारोळ उठला. त्यातून चौकशी आयोग आला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी १९६९ मध्ये अहवाल दिला, आणि त्याचा मोठा भाग या दहा दिवसांत पोलिसांनी काय केलं, काय केलं नाही, यावरच आहे. निकाल आणि अहवाल शेजारी ठेवून वाचा. निकाल गुन्हा सिद्ध करायला लिहिलेला, अहवाल निष्काळजीपणा मोजायला. त्यामुळे हत्यार मिळवण्याची धावपळ निकालात सविस्तर येते, आणि तेच दिवस अहवालात पोलिसांच्या तारा आणि प्रवासांनी भरलेले असतात. दोन्हींची सरळ जोडणी कुठलाच दस्तऐवज करून देत नाही.

निकालात एक कोरडा तपशील आहे, त्यावर मी बराच वेळ अडलो. खडकीच्या भांडारात गोपाळने सात दिवसांच्या रजेचा अर्ज केला होता. तो आधी नामंजूर झाला, म्हणून त्याने दुसरा अर्ज दिला आणि १७ जानेवारीपासूनची रजा मंजूर झाली. ते रिव्हॉल्व्हर दिल्लीला कधी निघणार, हे ठरलं एका कार्यालयीन सहीवर. तुमच्यापैकी कोणाला लष्करी भांडारांच्या नोंदींवर काम करायचं असेल, तर सुरुवात त्या दोन अर्जांपासून करता येईल.