कंगवा, सोन्याचा वर्ख आणि आभाळातली वीज

थंडीत कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवला, की केस कंगव्याकडे ओढले जातात, पण एकमेकांपासून मात्र दूर पळतात. असं का होतं? हे कळायला माणसाला फार काळ लागला. आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत.

अंबर म्हणजे झाडाचा चीक जमिनीत लाखो वर्षं राहून झालेला खडा. तो घासला की काडीकचरा ओढून घेतो, हे ग्रीसमधल्या लोकांना दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. १६०० साली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम गिल्बर्ट यांनी दाखवलं, की काच, गंधक अशा वस्तूही घासल्यावर ओढतात.

१७३३ साली फ्रान्समध्ये शार्ल द्यु फे यांनी घासलेल्या काचेच्या नळीला सोन्याचा वर्ख टेकवला. वर्ख लगेच दूर जाऊन हवेत तरंगू लागला. मग त्यांनी राळेचा घासलेला तुकडा जवळ नेला. तोही वर्खाला ढकलेल, असं त्यांना वाटलं होतं. पण वर्ख राळेकडे ओढला गेला! म्हणजे प्रभार दोन प्रकारचे. सारखे एकमेकांना ढकलतात, वेगळे एकमेकांना ओढतात. पुढे अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी धन आणि ऋण ही नावं रूढ केली. १७८५ साली फ्रान्सच्या कूलाँ यांनी मोजून सांगितलं, की अंतर दुप्पट झालं तर जोर चौथा हिस्साच उरतो.

आभाळातली वीजही याच जातीची. तिचा अभ्यास करताना १७५३ साली रशियात गेओर्ग रिखमान या शास्त्रज्ञांचा वीज लागून जीव गेला.

ढगाच्या तळाशी बहुधा ऋण प्रभार साठतो. तो जमिनीवर धन प्रभार ओढून आणतो, उंच झाडाच्या टोकाशी जास्तच. म्हणून गडगडाट ऐकू आला, की झाडाखाली थांबायचं नाही. खुरपं तिथंच टाकून पक्क्या घरात जायचं. शेतात अंगावरचे केस उभे राहिले, तर समजा, प्रत्येक केसावर सारखाच प्रभार आलाय आणि वीज पडायच्या बेतात आहे. घर जवळ नसेल तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका.

घरात कंगव्यानं केस उभे राहिले, तर हसण्यावारी न्या. शेतात उभे राहिले, तर एक क्षणही दवडू नका.