म्युनिकमधला हात

कोरी टेन बूम (१८९२–१९८३) : नेदरलँड्समधील हार्लेमच्या घड्याळजी. ज्यूंना घरात लपवल्याबद्दल फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना कुटुंबासह अटक झाली. वडील दहा दिवसांत कैदेतच वारले. बहीण बेट्सी डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये कोरी क्षमेविषयी बोलल्या, आणि सभा संपताच त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून त्यांच्यासमोर उभा राहिला. कोरींचा हात उचलेना. हा प्रसंग त्यांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगितला जातो. ते मला अपुरे वाटते. मनात प्रेमाचा लवलेशही नव्हता, म्हणून येशूकडे बळ मागितले आणि मगच हात देता आला, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे.