किती पट?

घरातल्या दोन-तीन जणांनी फोनवर विचारलं, "त्या रात्री तात्यांना दुर्बिणीतून नेमकं काय दाखवलंस?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. जरा लांबण लागेल, कारण नेवाशाच्या शेतातून निघून मधे इंग्लंड आणि पुणं करून यावं लागणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. पौषातल्या अमावास्येला आम्ही सगळे नेवाशाला होतो. प्रवरेच्या बाजूच्या शेतातला ऊस तुटून गेलेला, त्यामुळे दक्षिणेकडचं आकाश पार खालपर्यंत मोकळं. फाट्याकडचा उजेड सोडला तर अंधारही चांगला. माझी आठ इंची दुर्बीण मांडली. पोरांनी गुरू पाहिला, कृत्तिका पाहिल्या, आणि मग मी तात्यांना बोलावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तात्या म्हणजे माझे धाकटे काका, वय ७६. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं करायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे तेच टाळत होते. "एक करून काय फरक पडला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ लावला. पौषात रात्री तो नेवाशाहून दक्षिणेला जवळजवळ ६५ अंश उंच येतो. यापेक्षा चांगली जागा त्याला मिळायची नाही. तात्यांनी चष्मा काढला, वाकले, बराच वेळ पाहिलं.

"काय दिसंना रे. नुसता धुरळा दिसतोय."

मी म्हणालो, "नीट बघा तात्या, मधे चार तारे आहेत."

"नाही बाबा. माझे डोळे गेले आता. पोरांना दाखव तू." आणि जाऊन खाटेवर बसले.

आता माझी चूक सांगतो. मी लावली होती ३२ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे आपण ज्याला आयपीस म्हणतो ती. दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. त्याला ३२ ने भागलं की आलं साधारण ३७ पट. इतकं कमी वर्धन का? तर "अंधुक वस्तूला कमी वर्धन" हा नियम माझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकलेला होता. त्यामागे एक जुनी जखम आहे :) कॉलेजात असताना मी पैसे साठवून एक ६० मिलिमीटरची दुर्बीण घेतली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरात "५२५ पट". गणित खोटं नव्हतं: ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, ४ मिलिमीटरची नेत्रिका, वर तिप्पट करणारं बार्लो भिंग. फक्त त्यातून दिसायचं काही नाही. भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे त्या दुर्बिणीची ऐपत १२० पटींची. तेव्हापासून मला जास्त वर्धनाची अ‍ॅलर्जीच झाली होती.

पुतण्याला अशी काही अ‍ॅलर्जी नाही. मी तात्यांची समजूत काढायला गेलो तेवढ्यात त्यानं ३२ ची काढून १० ची नेत्रिका बसवली. १२० पट. मी ओरडणार होतो, पण तो आधीच तात्यांना हात धरून घेऊन आला होता.

या वेळी तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार. चार हायेत. आन् इकडून काळं आत शिरलंय, खाडीसारखं."

ती काळी खाडी मी त्यांना सांगितलीच नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर पुस्तकं उघडून बसलो, तेव्हा कळलं की हा घोळ माझा एकट्याचा नाही. आकाशातल्या अंधुक गोष्टींना किती पटीनं पाहावं हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात विल्यम हर्शेलपासून. १३ मार्च १७८१ ला इंग्लंडमधल्या बाथ गावी हर्शेल आपल्या सात फुटी दुर्बिणीतून पाहत होता. २२७ पटीला त्याला एक तारा जरा वेगळा वाटला. मग त्यानं ४६० आणि ९३२ पटींच्या नेत्रिका लावल्या. तारे वर्धन वाढवलं तरी त्या प्रमाणात मोठे होत नाहीत. हा झाला. तोच युरेनस. म्हणजे वर्धन वाढवणं हा त्याच्यासाठी त्या वस्तूला विचारलेला प्रश्न होता. पुढे त्यानं सांगितलं की आपल्याकडे ६४५० पटीचीही नेत्रिका आहे, तेव्हा लोकांना ते खरं वाटेना. वाटावं तरी कसं? सात फुटाला ६४५० ने भागा: त्या भिंगाचं नाभीय अंतर मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश येतं. खसखशीच्या दाण्याएवढंही नाही ते!

पण हाच हर्शेल जेव्हा तेजोमेघ शोधायला आकाश पट्ट्यापट्ट्यानं झाडत असे, तेव्हा वीस फुटी दुर्बिणीला साधारण १५७ पट लावत असे. शोधायला एक, तपासायला दुसरी. आणि १५७ पट हे काही "कमी" नव्हे. माझ्या ३७ च्या चौपट आहे.

१८०० साली त्यानं एक निबंध लिहिला. त्यातली एक आठवण मला फार आवडली. १७७६ मध्ये संध्याकाळी अंधार पडल्यावर लांबच्या चर्चचा मनोरासुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता. दुर्बिणीतून मात्र त्याच मनोऱ्यावरच्या घड्याळात किती वाजले ते वाचता आलं. गंमत अशी की कुठलीही दुर्बीण पसरट वस्तूला मुळापेक्षा जास्त उजळ करू शकत नाही. मनोरा होता तेवढाच अंधुक राहिला. तो फक्त मोठा झाला, आणि मोठा झाला म्हणून दिसला.

हे मी तात्यांना फोनवर समजावत होतो. ते मधेच म्हणाले, "म्हणजे आमच्या मोठ्या टायपाच्या ज्ञानेश्वरीसारखं. शाई तीच, अक्षर मोठं."

मी गप्प. दोन दिवस वाचून मला जे कळलं ते त्यांना रोजच्या पारायणातून आधीच माहीत होतं. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावच्या माणसाला हे मी शिकवायला निघालो होतो!

तेजोमेघाचंही तसंच. ३७ वरून १२० वर गेलो की तेजोमेघाची उजळता तरुण डोळ्याला दहापटीनं कमी होते. पण मागचं आकाशही तेवढंच काळं होतं, म्हणजे दोघांतला फरक तसाच राहतो. आणि अंधारात आपल्या डोळ्याला लहान अंधुक डाग दिसत नाही, तोच मोठा केला की दिसतो. ब्लॅकवेल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण मुलींना अंधाऱ्या खोलीत बसवून असे डाग दाखवले आणि १९४६ मध्ये निष्कर्ष छापले. रॉजर क्लार्क यांनी १९९० च्या पुस्तकात तेच आकडे दुर्बिणीला लावले. सार एवढंच की प्रत्येक अंधुक वस्तूचं स्वतःचं एक योग्य वर्धन असतं, आणि ते आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त असतं. त्यापुढे गेलात की मात्र उपयोग नाही.

तात्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. नेत्रिकेतून प्रकाशाची जी बारीक शलाका बाहेर येते तिची जाडी म्हणजे आरशाचा व्यास भागिले वर्धन. माझा आरसा २०० मिलिमीटरचा, म्हणजे ३७ पटीला शलाका सव्वापाच मिलिमीटरची. अंधारात तरुण बाहुली सातपर्यंत उघडते, म्हाताऱ्या माणसाची चार-पाचच्या आसपास अडते. बाहुली चारची धरली तर जवळजवळ निम्मा प्रकाश बुबुळावर सांडला! शिवाय चष्मा काढलेला, त्यामुळे डोळ्याचा जो काही दोष होता तो उघडा पडला. १२० पटीला शलाका दोन मिलिमीटरच्याही आत आली आणि बाहुलीच्या मधल्या, चांगल्या भागातून गेली. चार तारे सुटे दिसले ते त्यामुळे. डोळा गेला नव्हता. नेत्रिका चुकली होती.

पुढे पुतण्यानं हौसेनं ६ ची लावली, २०० पट. तात्या म्हणाले, "आता पाण्यात पाहिल्यासारखं हलतंय." बरोबर. त्या रात्री हवा तेवढीच साथ देत होती. जास्त पट म्हणजे हवेचं थरथरणंही तेवढंच पट.

आता पुण्याकडे येतो, कारण "अजून वाढवा" या हट्टाचा शेवट कुठे झाला ते तिथे नीट दिसतं.

हर्शेलला आधी वाटायचं की सगळे तेजोमेघ म्हणजे तारेच, पुरेशी मोठी दुर्बीण हवी. १३ नोव्हेंबर १७९० ला वृषभ राशीत एका ताऱ्याभोवती त्याला धुरकट गोल दिसला, आणि हे तारे नव्हेत असं त्याला मान्य करावं लागलं. पण वाद मिटला नाही. १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉसनं सहा फुटी आरशाची दुर्बीण उभी केली. पुढच्या वर्षी त्याला वाटलं, मृगातला तेजोमेघ आता ताऱ्यांत सुटा होतोय. हार्वर्डच्या बाँडलाही तसंच वाटलं. दोघेही चुकले होते. मन लावून जास्त वर्धनानं पाहत राहिलं की मनात असतं तेच दिसायला लागतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल.

२९ ऑगस्ट १८६४ ला विल्यम हगिन्सनं वर्धनाचा नाद सोडून एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला. मोजक्या सुट्या, तेजस्वी रेषा! वायू. प्रश्न संपला.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. पैसे भावनगरच्या महाराजांचे आणि सरकारचे, खटपट प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. साडेसोळा इंची ग्रब दुर्बीण, पुढे तिला २० इंची आरसा मिळाला. लॉकियर म्हणत होता की तेजोमेघांतली मुख्य रेषा मॅग्नेशियमची, आणि ती एका कडेला विरघळत जाते. नायगमवालांनी मृगातलाच तेजोमेघ वर्णपटमापकाला लावला आणि १८९१ मध्ये कळवलं की रेषा दोन्हीकडून रेखीव आहे. ती खरी कसली हे १९२७ मध्ये बोवेननं सांगितलं: इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.

याच नायगमवालांनी २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण जेऊरहून टिपलं. आमच्या तालुक्यात जेऊर हैबती असल्यानं मी कितीतरी वर्षं ते आपलंच जेऊर समजत होतो. ते करमाळ्याचं निघालं. असो. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

म्हणजे तात्यांनी ज्याच्यात चार तारे मोजले, त्याच तेजोमेघावर सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातून कुणीतरी असंच डोळा लावून बसलं होतं. फक्त त्यांचा प्रश्न वेगळा होता, म्हणून दुर्बिणीच्या शेवटी लावलेली वस्तूही वेगळी.

नेत्रिका घ्यायच्या विचारात असलेल्या ब्लॉगमित्रांसाठी थोडक्यात: तीन पुरतात. एक शोधायला, एक १००-१२० पटींची (हीच सगळ्यात जास्त वापरली जाते), एक चांगल्या हवेच्या रात्रीसाठी. ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ आणि छोटे गोल तेजोमेघ बिनधास्त जास्त पटीनं पाहा. देवयानीसारखी पसरट दीर्घिका आधी कमी पटीनं पाहा, मग तिचा गाभा जास्त पटीनं. १८६० च्या प्लॉसल पद्धतीच्या नेत्रिका स्वस्त आणि चांगल्या, पण १० मिलिमीटरखालच्या असल्या तर डोळा अगदी चिकटवावा लागतो, चष्मेवाल्यांचे हाल. अपोलोच्या सिम्युलेटरसाठी भिंगं आखणाऱ्या अल नॅगलरनं १९८० च्या सुमारास ८२ अंश रुंद दिसणारी नेत्रिका आणली. ती महाग. फायदा एवढाच की हातानं ढकलायच्या दुर्बिणीत १२० पटीला मृगातला तेजोमेघ साध्या नेत्रिकेतून पावणेदोन मिनिटांच्या आत निसटतो, तर हिच्यातून पावणेतीन मिनिटांनी. मागे दहा नातेवाईक रांगेत उभे असतील तर ते एक मिनिट मोलाचं असतं :)

आणि मुख्य म्हणजे, समोरच्याला दिसत नसेल तर "नीट बघा" म्हणू नका. नेत्रिका बदलून पाहा.

त्या रात्री खाटेवर परत बसल्यावर तात्यांनी वहिनीला विचारलं, "त्या डॉक्टरनं तारीख कधीची दिली होती?" दुर्बिणीचं श्रेय मी घेत नाही, डॉक्टर बिचारे वर्षभर तेच सांगत होते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फाल्गुनात नीट झालं.

वैशाखात परत जाणार आहोत. तेव्हा नरतुरंगातला मोठा तारकागुच्छ, ओमेगा सेंटॉरी, नेवाशाच्या दक्षिण क्षितिजावर २३ अंश वर येतो. हर्शेलच्या इंग्लंडात तो उगवतच नाही. तात्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पहिला नंबर त्यांचा, आणि सुरुवात १० च्या नेत्रिकेनं.