बारावीत कमी गुण असताना वैद्यकीय प्रवेश : पात्रता, मार्ग आणि मर्यादा

बारावीचा निकाल हाती आला आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी निघाले, की डॉक्टर होण्याची इच्छा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात पहिला प्रश्न उभा राहतो : आता वैद्यकीय प्रवेशाचा विचार सोडून द्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर देणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. काही जण ‘आता काही होणार नाही’ म्हणून मोकळे होतात, तर काही ‘पैसे भरा, जागा मिळवून देतो’ असे सांगतात. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. नियमांनुसार बारावीच्या गुणांचे काम विद्यार्थ्याला उंबरठ्याच्या आत घेण्यापुरते आहे. आत गेल्यावर त्याचा क्रमांक ‘नीट’ ही एकच परीक्षा ठरवते. म्हणून गुण कमी म्हणजे नेमके कोठे कमी, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

एका परीक्षेकडे झालेला प्रवास

एकेकाळी बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश ठरत असे. पुढे राज्यांनी आपापल्या प्रवेश परीक्षा सुरू केल्या. गोव्यात ‘जीसीईटी’ ही सामायिक प्रवेश परीक्षा होती. देशभर एकच परीक्षा असावी या विचाराने २०१३ साली प्रथम ‘नीट’ घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. मात्र एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला आणि कायद्यात दुरुस्ती होऊन परीक्षेला वैधानिक आधार मिळाला. २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) ती घेते. २०२० पासून ‘एम्स’ आणि ‘जिपमर’ या संस्थांचे एमबीबीएसचे प्रवेशही याच परीक्षेतून होऊ लागले. आज सरकारी, खासगी किंवा अभिमत विद्यापीठातील एमबीबीएसची कोणतीही जागा, मग ती व्यवस्थापन कोट्यातील असो वा अनिवासी भारतीयांसाठीची, नीटमध्ये पात्र ठरल्याशिवाय मिळू शकत नाही.

पहिला उंबरठा : बारावीचे पन्नास टक्के

एमबीबीएससाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) या तीन विषयांत मिळून खुल्या गटातील विद्यार्थ्याला किमान ५० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४० टक्के, तर खुल्या गटातील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ४५ टक्के आहे. याखेरीज या तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे.

येथे अनेक कुटुंबांची गफलत होते. निकालपत्रावरील एकूण टक्केवारी या हिशेबात धरली जात नाही. समजा, एका विद्यार्थिनीला भाषा व अन्य विषयांच्या बळावर एकूण ६८ टक्के मिळाले, परंतु तीन विज्ञान विषयांत ३०० पैकी १४२ गुण आहेत. ही टक्केवारी ४७.३ होते, खुल्या गटात ती अपात्र ठरते. याउलट, एकूण ५४ टक्के मिळालेल्या विद्यार्थ्याचे विज्ञानातील गुण ३०० पैकी १५६, म्हणजे ५२ टक्के असतील, तर तो पात्र आहे. म्हणून निकाल लागताच प्रथम या तीन विषयांची बेरीज करावी.

ही बेरीज कमी भरली तरी मार्ग संपत नाही. मंडळाच्या पुरवणी किंवा गुणसुधार परीक्षेस बसून गुण वाढवता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मार्गाने बारावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही आता नीटसाठी ग्राह्य धरले जातात. जीवशास्त्र न घेता बारावी झालेल्यांना तो विषय अतिरिक्त विषय म्हणून नंतर उत्तीर्ण होऊन पात्र होण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. मात्र सुधारित गुणपत्रिका प्रवेशाच्या वेळी हातात असणे अत्यावश्यक असते. नीटमध्ये उत्तम गुण मिळूनही बारावीच्या अटीत अडकलेल्या विद्यार्थ्याची जागा जाते, हे विसरता कामा नये.

दुसरा उंबरठा : नीटची पात्रता

बारावीत ५२ टक्के मिळालेला आणि ९५ टक्के मिळालेला असे दोन विद्यार्थी नीटच्या यादीत एकाच रांगेत उभे राहतात. बारावीच्या गुणांना तेथे वजन नाही. दोघांना समान गुण पडले, तरी आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे नीटमधील गुण पाहिले जातात. बी.एस्सी. करताना कमी गुण मिळालेल्या पदवीधरालाही हाच न्याय लागू आहे; पदवीची टक्केवारी त्याच्या क्रमांकावर परिणाम करत नाही.

२०२५ पासूनच्या रचनेनुसार १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एकूण गुण ७२०. प्रश्नपत्रिका ज्या तेरा भाषांत निघते, त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली असून प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही.

खुल्या गटासाठी पात्रता ५० पर्सेंटाईलवर ठरते. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हे. परीक्षार्थींपैकी निम्म्यांच्या वर असलेला विद्यार्थी पात्र ठरतो, मग त्याचे प्रत्यक्ष गुण कितीही असोत. २०२५ मध्ये खुल्या गटाची ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर, म्हणजे अवघ्या वीस टक्क्यांवर होती. राखीव गटांसाठी ती ११३ होती. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजेच ‘पात्र’ हा शिक्का मिळालेल्या दहा जणांपैकी जेमतेम एकाला जागा मिळते. दलालांचा व्यवहार याच दरीत चालतो.

तिसरा टप्पा : क्रमांक आणि जागा

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्यांच्या प्रवेशफेऱ्या केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) घेते. या कोट्यात खुल्या गटासाठी सरकारी एमबीबीएसच्या जागा अलीकडच्या वर्षांत साधारणपणे वीस ते पंचवीस हजाराव्या क्रमांकाच्या आसपास संपतात. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात.

गोव्यातील विद्यार्थ्यासाठी हा राज्य कोटा सर्वांत महत्त्वाचा आहे. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयापर्यंत जाते. मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्याला आजचे स्वरूप आले. येथील एमबीबीएसच्या जागा दोनशेच्या आसपास आहेत. राज्य कोट्याचे प्रवेश पर्वरी येथील तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात आणि त्यासाठी गोव्यातील वास्तव्याची अट पूर्ण करावी लागते. येथे विद्यार्थ्याची स्पर्धा देशातील बावीस लाखांशी नसून गोव्याच्या गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यांशी असते. त्यामुळे अखिल भारतीय क्रमांक पाहून निराश होण्यापूर्वी राज्याच्या यादीतील स्थान आणि मागील वर्षी त्या गटातील शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, हे पाहावे.

कागदपत्रांची तयारी निकालापूर्वीच करावी. वास्तव्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नविषयक प्रमाणपत्र यांपैकी एकही वेळेवर मिळाले नाही, तर आरक्षणाचा लाभ हुकतो. इतर मागासवर्गीयांची राज्याची यादी आणि केंद्राची यादी या वेगळ्या आहेत. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या यादीप्रमाणेच नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागते.

अभिमत विद्यापीठांना राज्याच्या रहिवासाची अट नसते आणि तेथील प्रवेशही केंद्रीय समितीच करते. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय हे गोव्याला जवळचे उदाहरण. अशा संस्थांत तुलनेने खालच्या क्रमांकावर जागा मिळू शकते; पण शुल्क वर्षाला काही लाखांत असते. साडेचार वर्षांचे शिक्षण, वसतिगृह आणि इतर खर्च यांची बेरीज करूनच पसंतीक्रम भरावा. अभिमत विद्यापीठांसाठी नोंदणी करताना अलीकडे दोन लाख रुपये अनामत घेतली जाते. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा न स्वीकारल्यास ती जप्त होते. म्हणून जेथे खरोखर जायचे आहे, तेवढीच महाविद्यालये पसंतीत टाकावीत.

कमी गुणांचे कारण शोधणे

बारावीचे गुण क्रमांकात मोजले जात नसले, तरी ते काही सांगत असतात. ते का कमी पडले, याचे प्रामाणिक उत्तर पुढच्या वर्षाचा निर्णय ठरवते. मंडळाची परीक्षा बऱ्याच अंशी लेखी उत्तरांची असते. मांडणी, आकृती, लेखनाचा वेग यांवर गुण जातात. आजारपण, घरातील अडचण किंवा इंग्रजीची धास्ती यांमुळेही गुण घसरतात. अशा विद्यार्थ्याला पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत बरे यश मिळू शकते. परंतु संकल्पनाच कच्च्या असतील, तर एका मिनिटात एक प्रश्न सोडवताना ती उणीव अधिकच उघडी पडते.

यासाठी सोपी कसोटी आहे. मागील वर्षांची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि चुकांचे तीन गट करावेत : विषय वाचलाच नव्हता, वाचला पण समजला नव्हता, समजला होता पण घाईत चुकला. पहिल्या व तिसऱ्या गटातील चुका एका वर्षात बऱ्याच कमी होतात. दुसऱ्या गटासाठी शिक्षकांची मदत लागते. एकूण गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे बारकाईने वाचन केल्यास या विषयात सर्वांत लवकर सुधारणा दिसते. मात्र जीवशास्त्र कितीही पक्के असले, तरी भौतिकशास्त्र पूर्ण सोडून सरकारी जागेपर्यंत पोहोचणे अवघड असते.

एक वर्ष थांबण्याचा निर्णय घेताना त्याची अखेरही आधीच ठरवावी. सराव परीक्षांतील गुण सहा महिन्यांनंतरही मागील वर्षाच्या राज्य यादीतील शेवटच्या प्रवेशाच्या जवळ येत नसतील, तर दुसरी वाट त्याच वर्षी खुली ठेवावी. प्रयत्नांवर बंधन नाही, म्हणून चौथे-पाचवे वर्ष त्यातच घालवणे कोणाच्याही हिताचे नसते.

परदेशी शिक्षण आणि इतर शाखा

परदेशी एमबीबीएससाठीही नीटची पात्रता लागते. तो निकाल त्या कामासाठी तीन वर्षे चालतो. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातील असावा, तसेच त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता व्हावी. परतल्यावर परवाना परीक्षा उत्तीर्ण करावी लागते आणि भारतात पुन्हा आंतरवासिता करावी लागते. ३०० पैकी १५० गुणांची ही परवाना परीक्षा पुष्कळांना जड जाते. २०२४ च्या मध्यातील सत्रात सुमारे एक पंचमांश परीक्षार्थीच उत्तीर्ण झाले. कर्ज काढून पाल्याला परदेशी पाठवणाऱ्या पालकांनी शुल्काच्या आकड्याआधी हा आकडा पाहावा.

नीटच्या त्याच निकालावर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचेही प्रवेश होतात. गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय, शिरोड्याला आयुर्वेद व होमिओपॅथी महाविद्यालये आणि पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. परिचर्या, औषधनिर्माण, फिजिओथेरपी या शाखाही रुग्णसेवेच्याच आहेत. एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने घेतलेली शाखा आणि तिचे काम पाहून निवडलेली शाखा यांत मोठे अंतर असते. त्यामुळे अशा संस्थेत एकदा प्रत्यक्ष जाऊन, तेथे शिकणाऱ्यांशी बोलून मगच पसंती द्यावी.

फसवणुकीपासून सावधगिरी

प्रवेशाच्या हंगामात ‘व्यवस्थापन कोट्यातील जागा निश्चित करून देतो’ असे दूरध्वनी सुरू होतात. अधिकृत प्रवेशफेरीच्या बाहेर एमबीबीएसची जागा देण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीला नाही. पसंतीक्रम विद्यार्थी स्वतः भरतो, जागेचे वाटप संगणकावर गुणवत्तेनुसार होते आणि शुल्काची पावती संस्थेच्या नावे मिळते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट जेथे नसेल, तेथे एक रुपयाही देऊ नये. नोंदणीचा पासवर्ड आणि ओटीपी कोणाच्या हाती देणेही तितकेच घातक आहे.

कमी गुणांच्या विद्यार्थ्याने निकालाच्या पहिल्या आठवड्यात तीन आकडे कागदावर लिहावेत : तीन विज्ञान विषयांची टक्केवारी, नीटमधील गुण आणि राज्याच्या यादीत मागील वर्षीचा शेवटचा प्रवेश. पहिला आकडा अटीपेक्षा कमी असेल, तर गुणसुधार परीक्षेचा अर्ज हे पहिले काम. दुसरा आणि तिसरा आकडा यांतील अंतर थोडे असेल, तर आणखी एका वर्षाचा विचार करता येतो. ते फार मोठे असेल, तर इतर शाखांची माहितीपुस्तिका त्याच दिवशी उघडावी.