लॅपटॉप कोणत्या सालचा?

लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या टेबलाशी गिऱ्हाईक आलं की मी आधी साल विचारतो. काय झालंय ते बॅग उघडायच्या आधीच कळलेलं असतं. घरी बसून रॅम वाढवली किंवा एसएसडी टाकली, मागचं झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरतो, दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी. आम्ही याला 'नो डिस्प्ले' म्हणतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, मदरबोर्ड उडाला." बहुतेक वेळा काहीही उडालेलं नसतं. मशीनने नवा पार्ट नाकारलेला असतो, आणि कोणत्या काळातलं मशीन काय नाकारतं हे ठरलेलं आहे.

आमचा रस्ता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. जुनं नाव लॉर्ड लॅमिंग्टनचं, 1903 ते 1907 या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. ग्रँट रोडच्या या पट्ट्यात आधी रेडिओचे सुटे भाग विकले जायचे, कॉम्प्युटर मागाहून आले. 'असेंबल्ड' डेस्कटॉपच्या जमान्यात पार्ट नीट बसला नाही तर मशीन ओरडून सांगायचं. 1981 सालच्या आयबीएम पीसीपासूनची ही रीत. सुरू होताना मशीन स्वतःची तपासणी करतं आणि एक छोटा बीप दिला की समजायचं, सगळं ठीक. ही तपासणी करणारा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. अवॉर्ड कंपनीच्या बायोसवर लांब बीप पुन्हापुन्हा आला की रॅम काढून परत बसवायची. पोरंसोरं घरच्या घरी हे करत. लॅपटॉपवाल्यांनी पुढे हा बीपही काढून टाकला, ते मला आजतागायत पटलेलं नाही.

लॅपटॉप मुळात उघडण्यासाठी नव्हताच. सुरुवातीच्या काळात कंपनीगणिक मेमरीचं कार्ड वेगळं, म्हणजे तोशिबाचं तोशिबालाच लागणार आणि भाव तो म्हणेल तो. नव्वदच्या दशकात एसओ-डिम ही सगळ्यांची मिळून छोटी पट्टी रुळली. 72 पिनांची, मग 144 ची, मग 200 ची. तेव्हा कुठे मागचे दोन स्क्रू काढून माणूस स्वतः रॅम टाकू लागला, आणि आमचा धंदा सुरू झाला. डीडीआर आणि डीडीआर-2 या दोन्हींना 200 च पिना, फक्त मधली खाच किंचित सरकलेली. जोर लावून बसवलेल्या पट्ट्या मी भरपूर पाहिल्या आहेत. रॅम तिरपी धरून आत सरकवायची, सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा व्हायला हव्यात, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदमच टक् वाजतात. एकच वाजली तर ती बसलेली नाही. सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं. यासाठी लोक चारशे रुपये देतात, मी घेतोही.

आयबीएमचा थिंकपॅड 1992 चा. या यंत्राबद्दल मला आदर आहे आणि रागही. आदर अशासाठी, की त्याचं दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनी सर्वांना मोफत देई. कोणता स्क्रू किती लांबीचा आणि कोणत्या क्रमाने काढायचा, इतकं त्यात छापलेलं. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो थेट बोर्डात किंवा कीबोर्डखाली घुसतो, त्यामुळे ही माहिती साधी नाही. राग अशासाठी, की त्याच थिंकपॅडमध्ये दुसऱ्या बनावटीचं वायफाय कार्ड घातलं की स्क्रीनवर 1802 हा आकडा यायचा आणि मशीन पुढे जायला नकार द्यायचं. कार्ड चांगलं, स्लॉट चांगला, पण बायोसमधल्या यादीत त्याचं नाव नाही. एचपीच्या लॅपटॉपमध्येही अशी यादी असे. कार्ड आणि अँटेना या जोडीला रेडिओ नियमांची मान्यता लागते, असं कारण सांगितलं जाई. गिऱ्हाईकाला ते कोण समजावणार?

विंडोज एक्सपीच्या काळातली दोन भांडणं अजून लक्षात आहेत. पहिलं, चार जीबी रॅम टाकूनही तीन-साडेतीनच दिसते, म्हणून मला चोर ठरवणारे. 32 बिटच्या विंडोजला एकूण चार जीबीचेच पत्ते मोजता येतात आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे खाऊन टाकतं. पट्टीत खोट नसायची. दुसरं भांडण हार्ड डिस्कचं. साटा डिस्क आल्या आणि एक्सपी टाकताना निळी स्क्रीन येऊ लागली, कारण त्यांचा ड्रायव्हर एक्सपीजवळ नव्हता. तो द्यायला एफ-6 दाबून फ्लॉपी घाला, असं विंडोज सांगे. लॅपटॉपमधून फ्लॉपी तोवर हद्दपार! मग बायोसमध्ये जाऊन साटा जुन्या आयडीई पद्धतीवर टाकायची, की गाडी चालू.

सर्वात फसवं साल 2013. त्या वर्षी इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले आणि लॅपटॉपची रॅम दीड व्होल्टवरून 1.35 वर गेली. डीडीआर-3 आणि डीडीआर-3एल दोन्ही 204 पिनांच्या, खाचही एकाच जागी. स्टिकर वाचला नाही तर फरक डोळ्याला दिसत नाही. जुनी दीड व्होल्टची पट्टी नव्या मशीनमध्ये बसते, क्लिप वाजते, आणि नो डिस्प्ले. उलट 'एल'वाली जुन्यात चालते. त्या एका अक्षरावर माझी कितीतरी भाडी निघाली.

दरम्यान झाकणच बंद होत चाललं होतं. 2008 च्या मॅकबुक एअरपासून ॲपलने रॅम बोर्डावरच सोल्डर केली, 2012 चा रेटिना मॅकबुक प्रोही तसाच, आणि पातळपणाच्या हौसेपायी बाकीचेही त्याच वाटेने गेले. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी 2003 साली आयफिक्सिट सुरू करून दुरुस्तीच्या पायऱ्या फोटोंसह लोकांना दिल्या, त्यावर आमच्या रस्त्यावरचे कितीतरी हात शिकले. 2021 मध्ये फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने मुद्दाम उघडता येईल असा लॅपटॉप आणला. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. माझ्या टेबलावर त्याने अजून फारसं काही हललेलं नाही.

लॉकडाऊनमध्ये मात्र घरोघरी जुने लॅपटॉप उघडले गेले, मुलांची शाळा त्यावर होती. तेव्हापासून एसएसडीच्या एम.2 स्लॉटची तक्रार नेहमीची झाली. साटावाली आणि एनव्हीएमईवाली एसएसडी एकाच स्लॉटात बसते, पण स्लॉट दोन्ही बोलतोच असं नाही. साटावालीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुधा एक, खरेदीआधी एवढं पाहिलं तरी माझ्याकडची निम्मी गर्दी कमी होईल. डीडीआर-5 चं आणखी निराळं. नवी रॅम टाकल्यावर मशीन आधी तिची ओळख करून घेतं आणि तेवढा वेळ, कधी काही मिनिटं, स्क्रीन काळीच राहते. लोक घाबरून बटण दाबून ठेवतात आणि ओळख पहिल्यापासून सुरू होते.

तेव्हा घरी उघडणार असाल तर जरूर उघडा, पण चार्जर काढून आणि आतल्या बॅटरीची केबल सोडवूनच. परत जोडल्यावर बटणाने चालू झाला नाही तर चार्जर लावून पाहा. काही थिंकपॅड बॅटरी बंद केल्यावर त्याशिवाय जागेच होत नाहीत. तरीही काळी स्क्रीन आली तर जुना पार्ट परत बसवा. त्यावर मशीन चालू झालं तर बोर्ड शाबूत आहे. म्हणून जुनी रॅम आणि जुनी डिस्क विकायची घाई करू नका, आणि माझ्यासारख्याकडे याल तेव्हा ती सोबत आणा.