तीस वर्षं थांबलेली लेखणी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बेळगावला जाणं झालं. पणजीहून सकाळची बस, चोर्ल्याचा घाट, कणकुंबीच्या आसपास धुकं... आम्हा गोंयकारांना ही वाट पाठ. आपली भाजी याच वाटेने येते, दूधही येतं. एके काळी विद्या आणायलाही आपण तिकडेच जात होतो. पोर्तुगीज अमदानीत मराठी-इंग्रजी शिक्षणासाठी कितीतरी गोमंतकीय मुलांनी बेळगाव गाठलं. नाती जुळली, मुली दिल्या-घेतल्या. माझी आतेही अशीच शहापुरात दिलेली. आज ती ऐंशीच्या घरात आहे आणि काचबिंदूने तिची दृष्टी फार अधू झाली आहे.

चहा झाल्यावर तिने कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. आत माझी पत्रं! मी कॉलेजात असताना, म्हणजे १९९६ ते १९९९ च्या दरम्यान तिला लिहिलेली. एक तर चांगलं अकरा पानी, आमच्या गावच्या जत्रेवर. दशावतारी नाटकात राक्षसाची मिशी गळून पडते तो प्रसंग मी दोन पानं रंगवला होता. वाचताना हसू आलं आणि मग थोडं अवघडल्यासारखं झालं. हे लिहिणारा मुलगा गेला कुठे?

गेला कुठे ते मला ठाऊक आहे, मंडळी. २००२ साली तो सरकारी नोकरीत लागला. तेव्हापासून 'सबमिटेड फॉर काइंड पेरुझल' आणि 'मे बी अप्रूव्ह्ड' एवढंच त्याचं वाङ्मय. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने वीस-बावीस वर्षं फाइलींच्या समासात इंग्रजी टिपणं लिहिली. कुणी मनाई केली नव्हती. दुपारी जेवणाचा डबा उघडावा तितक्या सहजपणे लिहिणं बंद पडलं.

आते म्हणाली, "फोन करतोस ते बरं वाटतंय रे. पण फोन ठेवला की संपलं बघ. पत्र कसं, उशाखाली राहतंय."

तिच्या या वाक्याने मला प्रकाश नारायण संत आठवले.

'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तकं आणि त्यांतला लंपन आपल्यापैकी अनेकांच्या घरचाच झालेला आहे. २०२४ मध्ये त्याच्यावर मालिका आली, तेव्हा नव्या पिढीलाही तो भेटला. पण या पुस्तकांमागची हकीकत मला पुस्तकांइतकीच महत्त्वाची वाटते. संतांचा जन्म १९३७ चा. वडील ना. मा. संत आणि आई कवयित्री इंदिरा संत. पुढे ते आजोळी दत्तक गेले आणि कागदोपत्री भालचंद्र दीक्षित झाले. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात 'सत्यकथे'त त्यांच्या लंपनच्या कथा आल्या. आणि मग जवळजवळ तीस वर्षं शांतता! या काळात ते कराडच्या विज्ञान महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत होते. ज्या 'सत्यकथे'त त्यांनी सुरुवात केली, ते मासिकच १९८२ मध्ये बंद पडलं. आणि १९९४ साली 'वनवास' हे पुस्तक आलं, तेव्हा लेखकाचं वय सत्तावन्न! २००३ मध्ये ते गेले. 'झुंबर' त्यांच्या पश्चात, २००४ मध्ये आलं. म्हणजे लंपनचं बहुतेक सगळं जग त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत कागदावर उतरवलं.

माझ्या मनात नेहमी येतं, हे सगळं तीस वर्षं होतं कुठे? आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा, त्याचे कानडी वळणाचे शब्द, त्याचं ते 'मॅड'पण, सुमीची धास्ती आणि ओढ... यातलं काहीच शिळं झालेलं नाही. थांबलेलं लेखन म्हणजे मेलेलं लेखन नव्हे, याला यापेक्षा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी निपाणीला एक काम होतं. संकेश्वर मागे पडलं की महामार्गावर तवंदीचा घाट लागतो. इंदिराबाईंचं माहेर दीक्षितांचं, आणि मूळ गाव हेच तवंदी. त्यांचंही आयुष्य पाहा. १९४० मध्ये पती-पत्नींचा मिळून 'सहवास' हा कवितासंग्रह निघाला आणि १९४६ मध्ये ना. मा. गेले. पदरी लहान मुलं. इंदिराबाईंनी बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, तिथेच पुढे प्राचार्य झाल्या. त्यांचा स्वतःचा पहिला संग्रह 'शेला' यायला १९५१ साल उजाडलं. साहित्य अकादमीचा मान 'गर्भरेशीम'ला १९८४ मध्ये मिळाला, सत्तरीत. आणि ऐंशी ओलांडल्यावर या बाईंनी काय करावं? जात्यावरच्या ओव्यांचा संसार मांडला, 'मालनगाथा' लिहिली. कवितेत एवढं नाव झाल्यावर अनाम बायकांच्या ओव्यांपाशी विद्यार्थिनीसारखं बसायचं, तेही त्या वयात!

१९४६ हेच साल बेळगावच्या साहित्य संमेलनाचंही. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोग झाला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. हा इतिहास आपण सगळे जाणतो. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की ठराव आणि मोर्चे चालू असतानाच या पट्ट्यात माणसं आपापल्या घरी बसून लिहीत होती. चिकोडीजवळच्या एकसंब्याला जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत कथा लिहीत होते. कथा लिहून हात थकला की त्याच हाताने चित्रंही काढत होते, पत्रं तर इतकी लिहीत होते की निवडक पत्रांचेच चार खंड झाले.

आणि निपाणीत महादेव मोरे होते. गॅरेज, टॅक्सी आणि पुढे पिठाची गिरणी. अंगावर पीठ घेऊन या माणसाने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारीत राबणारी, रस्त्यावर पोट भरणारी माणसं त्यांनी मराठीत आणली. १९८१ च्या तंबाखू आंदोलनामुळे निपाणीचं नाव देशभर झालं खरं, पण तिथली रोजची माणसं कशी बोलतात ते कळायला मोऱ्यांची पुस्तकंच हवीत. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले. निपाणीच्या बाजारात एक गिरणी चालू होती, तिचा आवाज ऐकत मी थोडा वेळ उभा राहिलो. 'ऑफिसमुळे वेळ मिळत नाही' हे माझं आवडतं वाक्य त्या आवाजापुढे मला उच्चारता येईना.

लेख वाचून कुणी म्हणेल, हे सगळे मोठे लोक, तुमचं-आमचं काय? खरं आहे. माझ्या आत कुणी लंपन दडून बसलेला नाही, हे मला नीट माहीत आहे. पण जत्रेतली गळलेली मिशी होती. ती तरी माझी होती.

असो. घरी परतल्यावर त्याच रविवारी आतेला पत्र लिहिलं. पहिला परिच्छेद चक्क अर्जासारखा झाला. फाडला. दुसऱ्यांदा तवंदीच्या घाटातला पाऊस लिहिला, तेव्हा कुठे हात मोकळा झाला. आता महिन्याला दोन पत्रं जातात.

ती वाचणार कोण, हा प्रश्न होताच. शेजारची सातवीतली मुलगी वाचून दाखवते. घर कानडी, शाळा कानडी, मराठी बोलते ती गल्लीत खेळून आलेली. देवनागरी तिला हिंदीमुळे येते. 'ळ'पाशी मात्र अडखळते, असं आते फोनवर सांगते. तिच्या कष्टाची परतफेड म्हणून मी एक कबूल केलं आहे. पत्राच्या उत्तरासोबत ती मला दर वेळी पाच कानडी अक्षरं काढून पाठवते आणि मी ती गिरवून परत पाठवतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी बाराखडी सुरू झाली आहे. मागच्या खेपेला तिने लाल पेनाने माझा 'क' दुरुस्त केला. इतक्या वर्षांत साहेबांनी माझ्या फाइलींवर मारलेल्या लाल रेघांचा कधी आनंद झाला नव्हता. हिचा झाला.

आतेची दृष्टी परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. पण उशाखालच्या पत्रांची चळत वाढते आहे. पुढच्या खेपेला शहापुरात बस थांबली की दुकानांच्या पाट्या वाचायचा विचार आहे. निदान एक तरी, न अडखळता.