बिनगिअरची माउंटन बाईक, चढ आणि आपले गुडघे



सायकलच्या कोणत्याही दुकानात जा. जाड टायरची, रुंद हँडलची, दिसायला अगदी माउंटन बाईक, पण एकही गिअर नसलेली सायकल हमखास दिसेल. किंमत कमी आणि दुरुस्ती कमी, म्हणून मुलांसाठी बहुतेक तीच घेतली जाते. दुसऱ्या टोकाला काही हौशी मंडळी आहेत, जी चांगल्या गिअरच्या सायकलचे गिअर मुद्दाम काढून टाकतात. 'गिअर नसले की व्यायाम जास्त होतो ना, डॉक्टर?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

व्यायाम जास्त होतो, हे खरं. पण तो कोणाला झेपतो आणि किती, हे समजायला या सायकलीचा इतिहास फार उपयोगी पडतो. म्हणून आज आधी इतिहास आणि मग गुडघा.

सुरुवातच बिनगिअरची होती

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगणा आहे. तिथल्या माउंट टॅमलपायस या डोंगरावर १९७० च्या दशकात काही तरुण जुन्यापान्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांवरून उतरायला लागले. या सायकली श्विन कंपनीच्या एक्सेलसियरसारख्या, १९३०-४० च्या दशकातल्या. श्विनने १९३३ मध्ये आणलेले फुगीर टायर त्यांना होते. एकच गिअर, वजन वीस किलोंच्या आसपास, आणि ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबायचं.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरांहून थोड्या कमी अंतरात जवळपास ४०० मीटर उतार! खाली येईपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग चाक उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं.

आता आपल्या कामाचा प्रश्न. ही मंडळी वर कशी जायची? कधी पिकअप ट्रकमध्ये सायकली टाकून, नाहीतर सायकल हातात धरून चालत. त्या काळच्या धडधाकट तरुणांनाही त्या सायकलवर बसून तो डोंगर चढणं परवडत नव्हतं.

म्हणूनच गिअर आले. डिसेंबर १९७४ मध्ये क्युपर्टिनोची काही मुलं एका शर्यतीसाठी मरिनमध्ये आली, ती जाड टायरच्या सायकलींना गिअर लावूनच. गॅरी फिशरने आपल्या जुन्या एक्सेलसियरला गिअर बसवले. जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजम्पर' १५ गिअर घेऊन बाजारात आली आणि माउंटन बाईक जगभर गेली. म्हणजे या सायकलीत गिअर चैनीसाठी आले नाहीत, बसून डोंगर चढता यावा म्हणून आले.

गिअर म्हणजे कमजोरी?

गिअर लावण्यात कमीपणा मानणारी वृत्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यासाठी थोडं फ्रान्सकडे वळू. सेंतेत्येन गावच्या पॉल द व्हिव्ही यांनी बदलत्या गिअरचा आयुष्यभर प्रचार केला. १९०२ मध्ये डोंगराळ वाटेवर सायकलींची एक चाचणी झाली. तीत मार्त एस या महिलेने तीन गिअरच्या सायकलवरून, एकाच गिअरवर चालवणाऱ्या एका नामांकित पुरुष शर्यतपटूला मागे टाकलं. त्यावर आँरी देग्रांज या संपादकाच्या लिखाणाचा सूर असा होता की गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावेत, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं.

याच देग्रांजने १९०३ मध्ये 'टूर द फ्रान्स' सुरू केली, आणि तिथे आजच्यासारखे गिअर वापरायला परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये! तोपर्यंत शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला चढासाठीचं वेगळं दातेरी चाक असायचं. १९१० मध्ये तूरमाले घाट पहिल्यांदा शर्यतीत आला, तेव्हा त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव्ह लापीझसुद्धा चढावर सायकल ढकलत चालला होता.

आपल्याकडे वेगळं काय होतं? काळ्या सायकलवर दुधाच्या किटल्या लावून जाणारे काका चढ आला की खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

आलेले गिअर पुन्हा का काढले?

१९९० च्या दशकात माउंटन बाईकला २४ गिअर लागले. चिखलात ते अडकायचे, दगडाला आपटून वाकायचे, केबल ताणल्या जायच्या. कंटाळून काहींनी सगळे गिअर काढले आणि पुढे एक, मागे एक दातेरी चाक ठेवलं. पुढे याचा एक पंथच झाला. त्यांची स्वतःची जागतिक स्पर्धा भरते. २००७ मध्ये ती स्कॉटलंडमधल्या एव्हिमोरला झाली, २०१० मध्ये न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला. विजेत्याला बक्षीस म्हणून अंगावर गोंदवून घ्यावं लागतं, एवढी ती गमतीची!

या पंथात एक विनोद प्रसिद्ध आहे: आमच्या सायकलला तीन गिअर आहेत. बसून, उभं राहून आणि उतरून. डॉक्टर म्हणून मला यातला तिसरा गिअर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. का, ते आकड्यांतून पाहू.

चढावरचा हिशोब

२६ इंची चाक, पुढे ३२ दाते, मागे १६. ही नेहमीची जोडी. पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं आणि सायकल सुमारे ४.१ मीटर पुढे जाते. सायकलसह तुमचं वजन ८२ किलो धरू आणि चढ १० टक्के, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची. मातीच्या रस्त्यावर पायडलवर सरासरी ३८ किलोंच्या आसपास जोर द्यावा लागतो, आणि पाय खाली दाबण्याच्या क्षणी त्याहून बराच जास्त. पुढे-मागे सारखेच दाते असलेल्या हलक्या गिअरवर हाच सरासरी जोर निम्मा होतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मिनिटाला ४० फेऱ्यांच्या खाली गेलात तर चढावर सायकल डळमळायला लागते. तेवढ्या फेऱ्या ठेवायच्या तर या सायकलवर सुमारे २७५ वॅट शक्ती लागते. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला एवढी शक्ती काही मिनिटंही टिकवता येत नाही. हलक्या गिअरवर त्याच ४० फेऱ्या निम्म्या शक्तीत होतात. थोडक्यात, बिनगिअरची सायकल चढावर तुम्हाला हळू जाऊच देत नाही. एक तर जोर लावा, नाहीतर उतरा.

शरीरात काय होतं?

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडापुढे एखाद्या कप्पीसारखी सरकते. मांडीचा पुढचा स्नायू जितका जोराने ओढतो आणि गुडघा जितका जास्त वाकलेला असतो, तितकी ही वाटी हाडावर दाबली जाते. कमी फेऱ्या, जास्त जोर आणि खाली ठेवलेली सीट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाटीमागची दुखणी सुरू होतात. जिना उतरताना किंवा मांडी घालून उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, ते बऱ्याचदा हेच.

हृदयाचंही असंच. जोर लावताना आपण नकळत श्वास रोखतो आणि हँडल आवळतो. त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने वाढतो. तरुण, निरोगी शरीर हे सहन करतं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ही परीक्षा देऊ नये.

मग काय करावं?

- सपाट किंवा किरकोळ चढाच्या रस्त्यावर बिनगिअरची सायकल उत्तम. स्नायूंना ताकद मिळते आणि देखभालीची कटकट नाही.
- डोंगरात जायचं असेल तर मागे १६ ऐवजी १८ किंवा २० दात्यांचं चाक लावून घ्या. सपाटीवर वेग कमी होईल, गुडघे वाचतील.
- पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. पाय जमिनीला टेकावेत म्हणून मुलांची सीट खाली ठेवतो, ती मूल वाढेल तशी वर घ्या.
- चेन सैल ठेवू नका. उभं राहून जोर लावताना चेन निसटली तर माणूस थेट दांड्यावर आपटतो. गिअरच्या सायकलचं रूपांतर करताना अनेक फ्रेममध्ये मागचं चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. तिथे चेन ताणणारा वेगळा भाग बसवावाच लागतो.
- चढावर श्वास सोडत राहा. बोलताही येईना, छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. छातीतलं दडपण थांबल्यावरही गेलं नाही तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.
- गुडघेदुखी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा गुडघा सुजला तर तपासून घ्या.

राहिला तो तिसरा गिअर. रीपॅकची पोरं चालत डोंगर चढली, लापीझ चालला, आपले दूधवाले काकाही चालले. एकाच गिअरच्या सायकलवर चढ आला की उतरणं हा ती चालवण्याचाच भाग होता. उतरण्यात हार आहे ही कल्पना गुडघ्यांना महाग पडते. तुमचं वय तीस असो वा साठ, पुढच्या चढावर गुडघा कुरकुरला तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून खुशाल चाला. वर पोहोचाल आणि उद्या पुन्हा सायकल काढाल.